मदत हवी आहे: दहा टनी जॅक लावला, तरी लेथ जागचा हलला नाही

नमस्कार मंडळी,

एक जुना लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र) आहे त्याच जागी साधारण 150 मिलिमीटर वर घ्यायचा आहे. खालच्या जमिनीला ओल धरते आणि पायांना गंज चढायला लागलाय, म्हणून खाली लाकडी स्लीपर घालायचे आहेत. वजन अंदाजे 1200 किलो. हेडस्टॉकची (काम पकडून फिरवणाऱ्या डाव्या पेटीची) बाजू जड, तिकडे 700 किलो तरी येत असतील. वर चेनब्लॉक (साखळीची कप्पी) टांगायला काहीच नाही. हाताशी 10 टनी बॉटल जॅक, पहार, दीड मीटरचा जाड चॅनल (पन्हळीसारखा लोखंडी गर्डर) आणि लाकडी ठोकळे आहेत.

पायाखाली फट जेमतेम 20 मिलिमीटर, आणि जॅक पूर्ण बसवला तरी त्याची उंची 220. म्हणजे तो थेट पायाखाली जात नाही. शिवाय एका पंपाला रॅम (जॅकचा वर येणारा दांडा) दीड मिलिमीटरच चढतो. मला वाटलं, जॅककडे ताकद भरमसाट आहे, चाल मात्र तोकडी. मग थोडी ताकद खर्ची घालून चाल वाढवावी. चॅनलच्या टोकाला जाड पट्टीची जीभ वेल्ड करून ती लेथच्या पायाखाली सारली. मागचं टोक फूटभर उंच थप्पीवर ठेवलं आणि त्या टोकापासून 500 मिलिमीटरवर जॅक लावला. जॅक 50 चढला की जीभ 150 चढायला हवी. जॅकवर भार तिप्पट, म्हणजे 2100 किलो. दहा टनी जॅकला तो जड नाही. मागचं टोक दबून राहावं म्हणून त्यावर वाळूची दोन पोती ठेवली, मिळून 100 किलो, आणि मित्र उभा राहिला.

पंप मारायला लागलो. दांडा फारच हलका जात होता. लेथ तसाच, आणि मागचं टोक मित्रासकट वर यायला लागलं. पोती घसरली, त्याने बाजूला उडी मारली, जीभ पायाखालून सटकली आणि जॅक आडवा पडला. चॅनल त्याच्या नडगीपासून वीतभर अंतरावर आपटला. तो आवाज अजून कानात आहे.

माझं गणित कुठे चुकलं? काम झटपट व्हावं असं वाटतं, कारण लेथ अर्धवट अधांतरी जितका वेळ राहील तितका धोका. पण आता कुणी जाणत्याने सांगितल्याशिवाय दांड्याला हात लावणार नाही.

प्रतिसाद

दादा, मित्र सुखरूप आहे हे वाचून हायसं वाटलं.

तुमचं तिपटीचं गणित बरोबर आहे, फक्त अर्धं राहिलं. जॅक 2100 किलोने वर रेटणार, त्यातले 700 जिभेवर लेथने पेलले. उरलेले 1400 कुठे जाणार? मागच्या टोकाला, वरच्या दिशेने. म्हणजे त्या टोकाला आधार खालून नाही, वरून हवा होता. शाळेत चिमट्याला तिसऱ्या प्रकारची तरफ म्हणायचो, तीच ही. तिच्यात चाल वाढते, पण मागचं टोक कुणीतरी घट्ट धरून ठेवावं लागतं.

तुमच्याकडे तिथे 100 किलोची पोती आणि मित्र, धरा 170. चॅनलचं स्वतःचं वजन सोडलं तर तेवढ्याने जिभेला फक्त 85 किलोचा रेटा मिळतो. 700 च्या जागी 85! जॅकवरही जेमतेम 255 किलो येत होते. दांडा हलका लागत होता तो म्हणूनच. यापुढे लक्षात ठेवा: जड वस्तूखाली दांडा हलका जात असेल तर थांबायचं आणि भार नेमका कुठे गेलाय ते बघायचं.

आता म्हणाल, मागचं टोक जमिनीत बोल्टने आवळतो. तेही करू नका. चॅनल तिरका आहे, तो वर येत आडवा होऊ लागला की जीभ पुढे सरकते. तुमच्या मापांनी हिशेब केला तर 150 मिलिमीटर चढताना ती 20 मिलिमीटरहून जास्त पुढे जाईल. ती एकतर लेथला ढकलेल किंवा पायाखालून निसटेल. शिवाय तिरक्या चॅनलखाली बॉटल जॅकला बाजूने जोर बसतो, आणि तो फक्त सरळ उभा भार घेण्यासाठी बनलेला असतो.

राहिला वेळ. पंपाचा दट्ट्या 10 मिलिमीटर आणि रॅम 40 मिलिमीटर व्यासाचा धरला, तर क्षेत्रफळ 16 पट. दट्ट्या 24 मिलिमीटर खाली गेला की रॅम दीड मिलिमीटर वर, तुमच्या अनुभवाशी जुळतं. मग 150 मिलिमीटरला झाले 100 पंप. सेकंदाला एक धरला तरी दोन मिनिटंही लागत नाहीत! वेळ पंपाला लागतच नाही, ठोकळे शोधण्यात जातो. 10, 20 आणि 50 मिलिमीटर जाडीचे तुकडे आधीच कापून पायांजवळ मांडून ठेवा. रॅमच्या डोक्यातला स्क्रू हाताने फिरवून वर घ्या, म्हणजे मोकळे पंप वाचतील.

मी असं करीन. कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) आणि टेलस्टॉक (समोरचा सरकता आधार) उजव्या टोकाला नेऊन आवळायचे, हेडस्टॉककडचा भार कमी होतो. बेडखालच्या (लेथच्या लांब पाठीखालच्या) फासळ्यांमधून, हेडस्टॉकच्या जमेल तितक्या जवळ, जाड भरीव बार आडवा घालायचा, दोन्ही बाजूंना बाहेर येईल असा. तो लीडस्क्रूला किंवा फीड रॉडला (कॅरेज चालवणाऱ्या पुढच्या लांब दांड्यांना) अजिबात टेकता कामा नये, वाकले तर लेथ कामातून गेला. बारचं एक टोक ठोकळ्यांच्या चौकटीवर, दुसऱ्याखाली तशाच चौकटीवर जॅक. इथे जॅकवर निम्माच भार येतो आणि कुठलंही टोक वर उडत नाही. एका बाजूने 10 मिलिमीटर चढवायचं, लगेच पायाखाली तुकडा सारायचा, मग जॅक दुसऱ्या बाजूला. लेथ अरुंद आणि वरून जड असतो, एकदम जास्त उचलला तर कलंडेल. लोखंड लोखंडावर घसरतं, म्हणून जॅक आणि बारच्या मध्ये प्लायचा तुकडा ठेवा. तुकडे काठीने सारा, बोटं पायाखाली कधीच नाहीत.

आणखी एक प्रतिसाद

जॅक आडवा पडलाय, तर आधी तो तपासा. रॅम पूर्ण खाली बसवून तेलाची पातळी बघा. मग व्हॉल्व्ह (जॅक खाली सोडायची चावी) सैल ठेवून दहा-बारा वेळा रिकामा पंप मारा, आत शिरलेली हवा निघते. तेल कमी असेल तर हायड्रॉलिक ऑइलच घाला. ब्रेक ऑइल घालू नका, या जॅकचे रबरी सील त्याने फुगून खराब होतात.

धागाकर्ता

मंडळी, लेथ स्लीपरवर बसला! जॅकमध्ये हवा होतीच, काढली. आदला दिवस ठोकळे कापण्यात घालवला आणि आज सकाळी दोन तासांत चारही पाय वर आले. 1400 किलोचा हिशेब मित्रालाही वाचून दाखवला, तो बराच वेळ गप्प होता.

मध्ये एकदा पाठ मोकळी करायला दहा मिनिटं थांबलो. परत येऊन बघतो तर जॅक 2 मिलिमीटर खाली बसला होता. व्हॉल्व्हमध्ये कचरा असावा, खोलून साफ करणार आहे. लेथ मात्र ठोकळ्यांवर होता तिथेच होता. उद्या लेव्हल लावतो.