दोन पासपोर्ट आणि ब्राझीलची व्हिसा फी

वहिनी: आत्या, सुट्टीत आम्ही चौघं लंडनहून ब्राझीलला जातोय. मायामीमार्गे तिकीट स्वस्त पडतंय. पण अमेरिकन पासपोर्टवर ई-व्हिसा लागतो, माणशी ८०.९० डॉलर. चौघांचे तीनशेच्या वर गेले. काही मार्ग आहे का?

आत्या: अगं थांब, भरू नकोस! तुम्हा चौघांकडे ब्रिटिश पासपोर्टही आहेत ना? त्यावर फिरायला जायचं तर ९० दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही.

काका: माणूस तोच, आणि एका पासपोर्टवर फी, दुसऱ्यावर फुकट?

आत्या: ही जशास तसे फी असते. अमेरिका ब्राझीलच्या लोकांना व्हिसा लावते, म्हणून ब्राझीलनेही एप्रिल २०२५ पासून अमेरिकन, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन प्रवाशांना तो पुन्हा लावला. अर्जेंटिना तर २०१६ पर्यंत अमेरिकन माणसाकडून १६० डॉलर घ्यायची. टांझानियात अमेरिकन पासपोर्टला १०० डॉलर, बाकी बहुतेकांना ५०. त्यामुळे तिसऱ्या देशात जाताना दोन्ही पासपोर्टांचे नियम आधी बघायचे.

काका: ताई, पण यात लपवाछपवी नाही ना होत? मला तीच धास्ती वाटते.

आत्या: अजिबात नाही. अधिकाऱ्याने किंवा फॉर्ममध्ये दुसरं नागरिकत्व विचारलं तर खरं तेच सांगायचं. मात्र ज्या पासपोर्टवर देशात शिरलात, त्याच पासपोर्टवर बाहेर पडायचं. नाहीतर निघताना तुमची प्रवेशाची नोंदच सापडत नाही आणि विमान सुटायच्या वेळी खुलासे देत बसावं लागतं.

वहिनी: मग अमेरिकन पासपोर्ट घरीच ठेवू? धाकटीचा तसाही संपलाय.

आत्या: मायामीमार्गे जाणार असाल तर मुळीच नको! अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं, आणि अमेरिकन नागरिकाला तिथे अमेरिकन पासपोर्टच हवा, मग ते तान्हं मूल का असेना.

वहिनी: तिच्या ब्रिटिश पासपोर्टवर ईस्टा, म्हणजे व्हिसाशिवाय अमेरिकेत जायची ऑनलाइन परवानगी, काढला तर?

आत्या: नाही चालत. ईस्टा परदेशी नागरिकांसाठी आहे, ती अमेरिकन नागरिक आहे. मायामीचंच तिकीट घ्यायचं तर आधी तिचा पासपोर्ट नवा करा. मग लंडनच्या काउंटरवर दोन्ही पासपोर्ट पुढे ठेवायचे आणि सांगायचं, मायामीसाठी हा, ब्राझीलसाठी हा. विमान कंपनी प्रवाशांची माहिती त्या त्या देशाला आधीच पाठवते, तिथे चुकीचा नंबर गेला की गोंधळ. आणि हो, तिकिटावरचं नाव दोन्ही पासपोर्टांशी जुळतंय का बघ. तुझ्या एकावर माहेरचं आडनाव आहे ना?

वहिनी: हो, अमेरिकनवर! बरं झालं आठवण केलीत. आणि परतताना?

आत्या: लंडनला ब्रिटिशच. ईटीए, म्हणजे व्हिसाशिवाय ब्रिटनमध्ये यायची ऑनलाइन परवानगी, ब्रिटिश नागरिकाला मिळतच नाही. फेब्रुवारी २०२६ पासून दुहेरी नागरिकांनी ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्ट दाखवायला हवा, नाहीतर दुसऱ्या पासपोर्टवर सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट, म्हणजे ब्रिटनमध्ये राहायचा हक्क असल्याचा दाखला. ते नुसतं काढायलाच ५८९ पौंड.

मावशी: आमच्या भारतीय पासपोर्टवाल्यांना यातलं काही लागू आहे का गं?

आत्या: नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, तो पासपोर्टसारखा दाखवायला जाऊ नका.

वहिनी: आत्ताच बघितलं, लंडन ते साओ पाउलो थेट विमान आहे. थोडं महाग आहे, पण मायामी टळतं, आणि व्हिसा फी तर ब्रिटिश पासपोर्टमुळे वाचतेच. तेच बुक करते. धाकटीच्या पासपोर्टचा फॉर्म परत आल्यावर भरू.

आत्या: उत्तम. बुकिंग करताना ब्रिटिश पासपोर्टचेच नंबर टाक, चौघांचेही.