तालुक्याच्या गावात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट सुरू करायचाय, सल्ला हवा

पुस्तकवेडी:
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी सार्वजनिक वाचनालयात काम करते. आमच्या अभ्यासिकेत सहा जुने संगणक आहेत. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला आणि या यंत्रांत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसल्यामुळे विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही. कार्यकारिणीतल्या काहींचं मत पडलं, भंगारात काढा. मी कॉलेजच्या एका मुलाला हाताशी धरून दोन यंत्रांवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, घातलं. स्पर्धा परीक्षेची मुलं आता त्यांवरच बसतात, कुणाची तक्रार नाही.

हे बघून बाकीचे विचारायला लागले. शाळेतल्या बाई, एक निवृत्त बँक अधिकारी, झेरॉक्सच्या दुकानाचा मालक, सगळ्यांचं एकच: आमचाही लॅपटॉप करून द्या. म्हणून वाटलं, वाचनालयाच्या वरच्या खोलीत गटच का सुरू करू नये? जागा आहे, वीज आहे, ओळखीतले चार-पाच जण वेळ द्यायला तयार आहेत. पुण्या-मुंबईत असे गट नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून चालत आलेत. गावात गट सुरू करणं जमेल, पण तो टिकवायचा कसा? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगावं. कोणतं डिस्ट्रो (लिनक्सचा कोणता प्रकार), पहिल्या दिवशी काय, पैशाचं काय, सगळंच.

टर्मिनलवाला:
ताई, फार छान. चार जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्तीच ठेवा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अद्यतनं आहेत, तोवर काळजी नाही. एखादं यंत्र ३२ बिटच्या जुन्या प्रोसेसरचं निघालं तर तिथे डेबियन १२ (हेही लिनक्सचंच डिस्ट्रो) घाला, कारण डेबियन १३ पासून ३२ बिटसाठी इन्स्टॉलर नाही. आणि जमेल तिथे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, बसवा. लोकांना जो फरक जाणवतो त्यातला निम्मा तिथूनच येतो.

जुना_पेंग्विन:
पुस्तकवेडीताई, डिस्ट्रोवर या धाग्यात मारामारी होईल, ती होऊ दे. तुमचा खरा प्रश्न टिकण्याचा आहे, त्यावर सविस्तर लिहितो. मी पुण्यात आणि नंतर सोलापुरात अशा गटांत बरीच वर्षं काढली आहेत.

आधी हे बघा की शहरांतले गट ओस का पडले. १९९६ पासून पीसीक्वेस्ट मासिक लिनक्सची सीडी अंकासोबत द्यायचं. नंतर उबुंटू या डिस्ट्रोचे लोक सीड्या टपालाने घरपोच पाठवायचे, एक पैसा न घेता, ते २०११ पर्यंत चाललं. त्या काळात माणूस गटात यायचा तो सीडी घ्यायला. इंटरनेट महाग, डाउनलोड रात्रभर, त्यामुळे ज्याच्याकडे सीडी त्याच्याकडे गर्दी. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ते कारणच गेलं. ज्या गटांचं काम सीडी वाटण्यापुरतं होतं ते विरले. जिथे लोक एकमेकांच्या अडचणी सोडवायला बसत, ते कमी संख्येने का होईना, चालू राहिले.

म्हणून इन्स्टॉलच्या दिवसाला फार महत्त्व देऊ नका. त्या दिवशी गर्दी होतेच, फोटो होतात, पेढे वाटले जातात. गट जगतो तो पुढच्या शनिवारी. लॅपटॉप घेऊन गेलेला माणूस आठ दिवसांनी "प्रिंटर चालत नाही" म्हणून आला आणि खोलीला कुलूप दिसलं, तर तो परत विंडोजवर जातो आणि गावभर सांगतो. तेव्हा वार, वेळ आणि जागा ठरवा आणि एकच माणूस आला तरी खोली उघडा. महिन्याला एक मोठी सभा ठेवण्यापेक्षा दर आठवड्याला दोन तास दार उघडं असणं कितीतरी मोलाचं.

दुसरं, सगळ्यांना एकच डिस्ट्रो. तुम्हाला किंवा मला कुठलं आवडतं याने फरक पडत नाही. सगळ्यांकडे तेच असेल तर झेरॉक्सवाला शाळेतल्या बाईंना मदत करू शकतो, नाहीतर प्रत्येक जण त्या कॉलेजच्या मुलाकडे धावणार. तो मुलगा उद्या नोकरीसाठी हिंजवडीला गेला की गट बसला. हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची. माउस ज्याचा लॅपटॉप त्याच्याच हातात राहिला पाहिजे. मदत करणाऱ्याने शेजारी खुर्ची घेऊन बसायचं, तोंडाने सांगायचं, कीबोर्डला हात लावायचा नाही. वेळ तिप्पट लागतो. पण अशा रीतीने शिकलेला माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या शेजारी बसू शकतो, आणि स्वयंसेवक तयार करायचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

आणि एक जाड वही ठेवा. यंत्राचं मॉडेल, रॅम, वायफायची चिप, जोडलेला प्रिंटर, काय अडलं, कशाने सुटलं. ग्रंथपालाला नोंदवही मी काय सांगणार! वर्षभरात ती वही तुमच्या तालुक्यापुरती कुठल्याही संकेतस्थळापेक्षा उपयोगी होईल.

पुस्तकवेडी:
काका, माउसचा नियम आजच भिंतीवर लावते. मनापासून आभार.

निळी_पाटी:
मी रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिका आहे, शाळेत मुलामुलींसोबत असा उपक्रम चालवते. वर कुणी बोललं नाही म्हणून दोन गोष्टी.

वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. सायंकाळी सहा ते आठ ठेवलंत तर आजूबाजूच्या गावांतल्या मुली येणारच नाहीत, शेवटची गाडी निघून जाते. सकाळी अकरा ते एक ठेवा. आम्ही वेळ बदलली आणि पुढच्याच आठवड्यात खोलीत बसलेल्यांची घडण बदलली.

आणि वागण्याचे नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. उबुंटूने सुरुवातीपासून आचारसंहिता ठेवली होती, डेबियनने २०१४ मध्ये मतदान घेऊन स्वीकारली. जगभरच्या इतक्या अनुभवी मंडळींना लेखी नियमांची गरज वाटली, मग आपल्यालाही असू दे. आमच्याकडे एकच ओळ आहे: कुठल्याही प्रश्नाला हसायचं नाही आणि "एवढंही येत नाही?" म्हणायचं नाही. लोक, विशेषतः बायका आणि वयस्कर माणसं, एकदा अपमान झाला की दुसऱ्यांदा येत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत.

शिकवायला साहित्य हवं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प बघा. लिनक्स, लिबरऑफिस वगैरेंचे छोटे धडे मराठी आवाजात आहेत, विनामूल्य. धडा बघायचा, थांबवायचा, तेच आपल्या यंत्रावर करायचं. ज्या दिवशी शिकवणारं कुणी आलं नाही त्या दिवशीही वर्ग चालतो.

टर्मिनलवाला:
नियमांना अनुमोदन. आता इन्स्टॉलच्या दिवसाबद्दल.

डेटाचा बॅकअप घेतल्याशिवाय कुणाच्याही लॅपटॉपला हात लावू नका, मालक कितीही "काही महत्त्वाचं नाही हो" म्हणाला तरी. लग्नाचे फोटो त्यातच असतात. अलीकडच्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप, बरेचदा चालू असतं आणि मालकाला ते माहीतही नसतं. ते उघडणारी रिकव्हरी की आधी लिहून घ्या, मग पुढे. विंडोजही ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. आणि डिस्कवरचं विंडोजचं पार्टिशन (तिच्या वाट्याचा भाग) छोटं करायचं ते विंडोजमधूनच.

पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय टाकून ठेवा, म्हणजे मिंट आणि डेबियन दोन्हीच्या फायली एकाच ड्राइव्हवर राहतात. मग इन्स्टॉल न करता आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. यातलं काही अडलं तर मालकाला तिथेच सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

वायफायवरून आठवलं. पूर्वी डेबियन घालताना हा मोठा जाच होता. चिपला लागणारं फर्मवेअर (तिच्या आत चालणारा प्रोग्रॅम) मुक्त परवान्याचं नसल्यामुळे ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी यावर मतदान केलं, आपल्या सामाजिक करारात (मूळ तत्त्वांच्या दस्तऐवजात) बदल केला आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरसोबत येतं. तत्त्व मोठं की नवशिक्याची सोय मोठी, हा वाद तिथे वर्षानुवर्षं चालला होता. कुणी मालक नाही, वाद उघड्यावर होतो, शेवटी मत मोजलं जातं. मला त्या समुदायाबद्दल जो आदर आहे तो यासाठी.

म्युनिकहून:
मूळचा नगरचा, सध्या जर्मनीत. इकडे अनेक गावांत रिपेअर कॅफे भरतात. ही कल्पना २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाली. लोक बिघडलेले टोस्टर, शिलाई मशीन, सायकली घेऊन येतात आणि स्वयंसेवकांसोबत बसून दुरुस्त करतात. विंडोज १० चा आधार संपल्यापासून त्यातल्या बऱ्याच ठिकाणी लिनक्सचं टेबलही लागतं. ताईंनी याचा विचार जरूर करावा. नुसतं "लिनक्स" म्हटलं की चार पोरं येतात. "जुना लॅपटॉप चालू करून देतो" म्हटलं की सगळं गाव येतं, आणि गटाला पाना-स्क्रूड्रायव्हर चालवणारी माणसंही मिळतात.

दर वर्षी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रसेल्सला फॉसडेम ही मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद भरते. हजारो लोक येतात, प्रवेश फुकट, नोंदणीही नाही, आणि खुर्च्या लावण्यापासून ध्वनिक्षेपणापर्यंत सगळं स्वयंसेवक बघतात. तिथे वावरलं की कळतं, कोड लिहिता येत नाही म्हणून कुणी कमी ठरत नाही.

जुना_पेंग्विन:
अगदी खरं. त्यासाठी ब्रसेल्सला जायलाच हवं असंही नाही. डेबियनची जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला झाली. तिथेही कॅमेरा आणि ध्वनी स्वयंसेवक सांभाळतात, आणि नवख्याला शिकवून उभं करतात. तमिळनाडूत विलुप्पुरमसारख्या जिल्ह्याच्या गावी ग्नू/लिनक्स वापरणाऱ्यांचा गट ग्रामीण मुलांना विनामूल्य शिकवतो. तुमच्यासाठी तो नमुना पुण्यापेक्षा जवळचा. तरी पुण्या-मुंबईत फॉस युनायटेड या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या भेटी होतात, तिथे गटातल्या दोन मुलांना एकदा पाठवाच. आपल्यासारखे अजून लोक आहेत हे डोळ्यांनी बघितलं की मुलं वेगळ्याच उत्साहाने परततात.

पुस्तकवेडी:
किती दिलंत सगळ्यांनी! अजून तीन शंका. आमची जुनी पत्रं, अहवाल श्री-लिपी या जुन्या फाँटांत आहेत, त्यांचं काय? टायपिंगला आमचे लेखनिक अडतात, विशेषतः "दऱ्या"मधला ऱ्य. आणि वाचनालयासाठी कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्यावं का?

अक्षरजुळणी:
श्री-लिपीतल्या मजकुरामागे युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसतं, त्यामुळे तो फाँट नसेल तर अक्षरं निरर्थक दिसतात. जिथे ती नीट दिसतात त्या जुन्या यंत्रावरूनच आधी सगळ्याची पीडीएफ करून घ्या. मग जे पुन्हा वापरायचंय तेवढंच परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरं हमखास घसरतात.

ऱ्य साठी इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत शिफ्ट धरून जे दाबा, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो. मग डी म्हणजे हलन्त, मग य. झालं "दऱ्या". साधा र घेतलात तर "दर्या" होतो, तो समुद्र. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडायला विसरू नका. काही फाँटांमध्ये त्यानेच मराठी वळणाचे ल आणि श उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

लेखनिकांना सांगा, मराठीत काही चुकीचं दिसलं तर पडद्याचं चित्र काढून ठेवा. कुणीतरी ते इंग्रजीत लिहून संबंधित प्रकल्पाकडे बग म्हणून नोंदवेल. मराठी मजकूर रोज डोळ्यांखालून जाणारी माणसं या प्रकल्पांना फार कमी मिळतात. फायरफॉक्सचं भाषांतर पाँटूनवर चालतं, लिबरऑफिसचं वेबलेटवर, दोन्ही ब्राउझरमध्येच करता येतं. एक छोटा प्रकल्प धरा, तोच पुरा करा.

जुना_पेंग्विन:
कोहाबद्दल माझं मत: उत्तम आहे, पण पहिल्या वर्षी नको. ते न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेने स्वतःच्या गरजेतून करवून घेतलं आणि २००० च्या जानेवारीत वापरात आणलं, म्हणजे तुमच्यासारख्यांसाठीच जन्मलेलं आहे. पण त्याला सर्व्हर लागतो, रोजचा बॅकअप लागतो आणि ते बघणारी किमान दोन माणसं लागतात. गटातून ती दोन माणसं उभी राहू द्या, मग घ्या.

म्युनिकहून:
इथे मी असहमत. ग्रंथपाल स्वतः उत्साही असताना एक वर्ष कशाला थांबायचं? एका जुन्या यंत्रावर सरावापुरतं कोहा आत्ताच घाला, शंभर पुस्तकं भरून बघा. खरी नोंद मात्र चालू पद्धतीनेच ठेवा.

जुना_पेंग्विन:
सरावापुरतं असेल तर हरकत नाही, मान्य.

निळी_पाटी:
पैशाचं राहिलं. वर्गणी ठेवू नका, ठेवलीत की हिशेब आला आणि हिशेबावरून भांडण आलं. एसएसडी ज्याची त्याने आणायची, चहा आळीपाळीने. कुणाला देणगीच द्यायची असेल तर वाचनालयाच्या नावे पावती फाडा, ती व्यवस्था तुमच्याकडे आहेच.

पुस्तकवेडी:
ठरलं तर मग. दर शनिवारी सकाळी अकरा ते एक, वरची खोली. पाटी लावणार, "जुना लॅपटॉप घेऊन या". सगळीकडे मिंट एक्सएफसीई, आणि कोहा कोपऱ्यातल्या यंत्रावर सरावाला. झेरॉक्सवाले दादा पहिल्या शनिवारी कॅननचा एलबीपी २९०० घेऊन येतो म्हणालेत. तो चालेल ना?

टर्मिनलवाला:
चालतो, पण जोडला की लगेच नाही. तो कॅप्ट नावाच्या पद्धतीने बोलतो, त्यामुळे नेहमीचा ड्रायव्हर लागू पडत नाही. कॅननचा लिनक्ससाठीचा कॅप्ट ड्रायव्हर आहे आणि स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हरही आहे. दोन्ही आदल्या दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. दुकानातलं मुख्य यंत्र पहिल्या दिवशी बदलू नका, त्याची रोजीरोटी त्यावर आहे. आधी वाचनालयातल्या यंत्राला प्रिंटर जोडून दहा-वीस पानं काढून बघा, मधे कागद संपवून परत भरून बघा, प्रिंटर बंद करून चालू करून बघा. एवढ्यातून पार पडला तरच दुकानात न्या. अडलात तर यंत्राचं मॉडेल आणि आलेला संदेश जसाच्या तसा इथे टाका, शनिवारी मी ऑनलाइन असतो.