शाळेतला तान्हा पोळा पोट्ट्यांच्या हाती दिला, तर बिघडलं काय?

सीताबर्डीची_आई
मुलीच्या शाळेत तान्हा पोळा, म्हणजे आपल्या नागपूरकडचा लेकरांचा पोळा, सुट्टीच्या आदल्या दिवशी होतो. शिरस्ता ठरलेला: पहिली ते चौथीची लेकरं लाकडी नंदी आणणार, परीक्षक येणार, सजावटीला तीन बक्षिसं. बक्षीस कुणाला? ज्याच्या बापाचा नंदी मोठा त्याला. मागच्या वर्षी एक नंदी छोट्या हत्तीतून आला होता (गाडी म्हणतेय).
यंदा नववीच्या विद्यार्थी मंत्रिमंडळानं कार्यक्रम मागून घेतला. बक्षिसं बंद. लेकरांनी वर्गातच पुठ्ठ्याचे नंदी केले, वर्गावर्गात फिरून बोजारा (नंदी फिरवणाऱ्या लेकरांना मिळणारा खाऊ-पैसा) मागितला. शेवटी मोठ्या पोरांनी एक बडग्या, म्हणजे खुपणाऱ्या गोष्टीचा पुतळा, काढला, "दप्तराचं ओझं घेऊन जा गे मारबत!" (मारबत म्हणजे इडापिडा घेऊन जाणारी, मिरवणुकीत निघणारी मोठी बाहुली.) पालकसभेत यावरून जुंपली. माझ्या मते झालं ते चांगलं झालं. बिल्ला लावून रांगा सरळ करण्याला मी नेतृत्व म्हणत नाही. एखादी गोष्ट बंद करायची मुभा मिळाली, तरच पोरं विचार करतात.

महालचा_मास्तर
ताई, 31 वर्षं शिकवलं, म्हणून बोलतो. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये तान्हा पोळा सुरू केला, असं आपण मुलांना सांगतो. लहानांना बैलाची ओढ लागावी, हा हेतू. पुठ्ठ्याचा बैल संध्याकाळी कचऱ्यात जातो. माझ्या आजोबांचा सागवानी नंदी अजून घरात आहे. चाकं दोनदा बदलली, शिंगं एकदा. तो नातवाच्या हाती देताना जे वाटतं, ते फेव्हिकॉलनं चिकटवता येत नाही. आणि बडग्या मारबतीचा असतो. शाळेच्या पोळ्यात त्याचं काय काम?

संत्राबर्फी
चाकं बदलल्याचं तुम्हीच लिहिलंत सर :)
काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. बडगे मात्र दरवर्षी नवे. महागाई, भ्रष्टाचार, त्या साली जे खुपेल ते. म्हणून तर त्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. शाळेतलं स्नेहसंमेलन बघा, तेच निवेदन, तेच पाहुण्यांचं भाषण, मागच्या रांगा मोबाइलमध्ये.

महालचा_मास्तर
बडगे बदलतात, कबूल. मारबत बदलते का? तिचं रूप ठरवायला कुणी हात वर करायला लावतं का? या मुलांनी बडग्या सोडून मारबतच बदलली.

सीताबर्डीची_आई
हे मला सुचलं नव्हतं सर. तरी परीक्षक आणि बक्षिसं रघुजीराजांनी नव्हती ना ठेवली?

नंदनवनचा_बाबा
राजेहो, तुम्ही इतिहासात रमले. माझा पोट्टा दुसरीत आहे. त्याच्या आज्यानं महिनाभर खपून नंदी रंगवला, घुंगरू बांधले. आठ दिवस आधी सूचना आली, लाकडी नंदी आणू नये. पोट्टा रडला न बाप्पा! ठरवलं नववीनं, सोसलं दुसरीनं. मंत्रिमंडळात दुसरीचं कोणी होतं काय? अन् ते निवडलं कसं, हे बी विचारा. बाईंनी नावं वाचली, टाळ्या वाजल्या, झाली निवडणूक.

नववी_ब (आईच्या खात्यावरून)
काका, टाळ्यांचं खरं आहे. मीही तशीच क्रीडामंत्री झाले. पण "लाकडी आणू नये" असं आम्ही लिहिलं नव्हतं. "बक्षीस नाही, पुठ्ठ्याचाही चालेल" एवढंच दिलं होतं. ऑफिसातून सूचना निघाली तेव्हा वाक्य बदललेलं होतं. आम्ही ती नीट वाचली नाही, ही आमची चूक. पहिली-दुसरीला विचारलं नाही, तीही. आणि बडगे तीन काढायचे होते. दोन कापले. त्यातला एक मुलींच्या बाथरूमच्या तुटलेल्या कडीचा होता.

नंदनवनचा_बाबा
हे माहीत नव्हतं बेटा. पुढल्या साली आज्याचा नंदी आणू न मग?

नववी_ब
आणा न काका. बोजाऱ्याला पिशवी मोठी आणा.

महालचा_मास्तर
ती कडी लागली का?

नववी_ब
नाही सर.