नवी कल्पना मरते ती पैशावाचून, की गिऱ्हाइकावाचून?

माळरान: आपल्याकडे डोकी कमी नाहीत, पाठीशी उभं राहणारं कोणी नसतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर बघा. लोखंडी नांगर तयार होता, पण बेळगाव सोडायची वेळ आली. औंधच्या राजेसाहेबांनी जागा आणि १०,००० रुपये कर्ज दिलं, म्हणून १९१० साली निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आता राजे कुठून आणायचे? बँक तारण मागते, आणि कल्पना काही गहाण टाकता येत नाही.

हिशेबी: अर्धीच गोष्ट सांगितलीत. लोखंडी नांगरानं जमीन नासते असं शेतकरी म्हणायचे, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं राजेसाहेबांनी नाही, लक्ष्मणरावांनी काढली. पैसा आधी आला की काय होतं ते अमेरिकेतल्या जुसेरोला विचारा. रस काढायचं यंत्र, गुंतवणूक जवळजवळ १२ कोटी डॉलर, सुरुवातीची किंमत ६९९ डॉलर. २०१७ मध्ये ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी यंत्रात घालायची कंपनीची पिशवी नुसत्या हातानं पिळली. रस जवळपास तेवढाच निघाला! त्याच वर्षी कंपनीला टाळं.

माळरान: एका जुसेरोवरून सगळ्यांना झोडू नका. ब्रिटनच्या जेम्स डायसननं व्हॅक्युम क्लीनरचे ५,१२७ नमुने केले. तोवर घर चाललं बायकोच्या शिक्षिकेच्या पगारावर. हे किती घरांना परवडेल?

हिशेबी: पण पुढे त्याला हात दिला तो जपानी कंपनीकडून आलेल्या परवान्याच्या पैशानं. म्हणजे गिऱ्हाईकच की!

माळरान: आणि बँकेच्या कर्जानं. ते सोयीनं विसरलात.

तिरकस: लिज्जतच्या सात जणींनी १९५९ साली गिरगावात ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. अर्थात पापडाला डाय, म्हणजे धातूचा साचा, लागत नाही, हेही खरं.

शिरोलीकर: तुम्ही दोघंही कडेकडेनं फिरताय. माझं फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाचं काम. कोळप्याला, म्हणजे तण काढायच्या औजाराला जोडायचं एक पातं काढलं. पहिले अकरा नग हातानं केले, हातोहात गेले. मग एका डीलरची ४०० नगांची ऑर्डर आली. गावभर पेढे वाटले. लोखंड रोख, बाहेरून करून घेतलेलं जॉबवर्क रोख, कामगारांचा पगार दर शनिवारी, आणि डीलरची उधारी ९० दिवसांची. ती पुढं सहा महिन्यांवर गेली. कल्पना चांगली, गिऱ्हाईक दारात, आणि मी बायकोचे दागिने सोनाराकडे घेऊन उभा. माल खपला म्हणून बुडालो, हे कोणाला सांगितलं तर हसतात.

माळरान: दादा, लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे ना?

शिरोलीकर: आहे. तक्रार करा आणि पुढची ऑर्डर विसरा.

हिशेबी: मग आगाऊ रक्कम का नाही मागितली? माल तुमच्याशिवाय कोणाकडे नव्हता.

शिरोलीकर: मागितली. "तुमच्यासारखंच पातं दुसरीकडे उधारीवर मिळतंय" म्हणाला.

माळरान: पेटंट?

शिरोलीकर: आधी गावच्या कृषी प्रदर्शनात मांडलं, मग वकिलाकडे गेलो. जगाला दाखवून झाल्यावर कसलं पेटंट मागताय, म्हणाले. प्रदर्शनात ढाल मात्र मिळाली. कपाटावर आहे.