प्रात्यक्षिक जिंकलेलं इंजिन मोठं की शेडमध्ये टिकलेलं? फेअर्ली, मॅलेट आणि गॅरट

घाटमाथा

सांध्याच्या वाफेच्या इंजिनांचा विषय निघाला की पहिलं नाव फेअर्लीचं घेतलं जातं. एका इंजिनाखाली चाकांचे दोन गट, प्रत्येक गटाला स्वतःचे सिलिंडर, आणि वळण आलं की गट आपापला वळणार, अशी ती रचना. रॉबर्ट फेअर्लीने १८६४ साली पेटंट घेतलं. १८६९ साली वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेच्या जेमतेम दोन फुटी रुळांवर त्याचं ‘लिटल वंडर’ आलं, पुढच्याच वर्षी रशियाचं शिष्टमंडळ ते बघायला आलं, आणि जगभर नाव झालं.

माझं म्हणणं वेगळं आहे. सांध्याचं इंजिन रोजच्या कामाला जुंपता येईल असं केलं ते आनातोल मॅलेटने, १८८४ च्या पेटंटाने. फेअर्लीचं इंजिन प्रात्यक्षिकात देखणं होतं, पण शेडवाल्यांना, म्हणजे इंजिनं रोज तपासून दुरुस्त करणाऱ्यांना, ते डोईजड होतं.

फेअर्लीच्या चाकांचे दोन्ही गट फिरते. म्हणजे बॉयलरची ताजी, पूर्ण दाबाची वाफ दोन्ही बाजूंना हलत्या सांध्यांतूनच न्यायची. त्या काळात सांधा भरायला होतं काय, तर चरबीत भिजवलेली सुतळी. दर वळणाला ती घासली जाणार, दबणार, सुटणार. मॅलेटने मागचा गट चौकटीलाच पक्का बसवला आणि ताजी वाफ तिथेच वापरली. तिथून दाब उतरून निघालेली वाफ त्याने पुढच्या फिरत्या गटाच्या मोठ्या सिलिंडरांना दिली. सांधा राहिलाच, पण त्यातून जाते ती कमी दाबाची वाफ. थोडी गळली तरी गाडी चढावर उभी राहत नाही.

प्रात्यक्षिकावर किती भरवसा ठेवायचा हे ऑस्ट्रियातल्या सेमरिंगच्या घाटाने १८५१ सालीच दाखवलं होतं. ४० ला १ चढ (४० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर), १९० मीटर त्रिज्येची वळणं, आणि या मार्गासाठी इंजिनांची स्पर्धा. बक्षीस २०,००० डुकाट. चार इंजिनं आली, चारही अटी पूर्ण करून वर चढली. म्युनिकच्या माफाय कारखान्याचं ‘बव्हेरिया’ पहिलं आलं. त्यात टेंडरची, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याची, चाकंसुद्धा साखळ्यांनी इंजिनाला जोडून ओढायला लावली होती. त्या साखळ्या टिकल्या नाहीत. चारांपैकी एकही इंजिन नियमित सेवेला लायक ठरलं नाही, आणि शेवटी एंगर्थ या अभियंत्याला नवी रचना करावी लागली. जिंकणं वेगळं, रोज सकाळी पुन्हा निघणं वेगळं.

दूरदेशी

घाटमाथा, सेमरिंगचा दाखला तुम्ही फेअर्लीच्या गळ्यात उगाच अडकवता आहात. साखळ्या ‘बव्हेरिया’च्या होत्या. फेअर्लीचं पूर्वज म्हणावं असं त्या स्पर्धेत ‘सेरँ’ होतं, बेल्जियमच्या कॉकरिलचं, मधे भट्टी आणि दोन्हीकडे बॉयलर असलेलं. फेअर्लीने त्याच धर्तीची कल्पना घेऊन ती चालवून दाखवली.

मी बरीच वर्षं मँचेस्टरला राहते. तिथून वेल्समधल्या पोर्थमॅडॉगला दोनदा गेले ती ‘मर्डिन एमरिस’साठी. हे जोड-फेअर्ली इंजिन १८७९ साली फेस्टिनिऑग रेल्वेच्याच बॉस्टन लॉज कारखान्यात बांधलं गेलं. बॉयलर बदलले, पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण ते आजही गाड्या ओढतं. कॅबजवळ उभं राहून पाहिलं की रचना डोळ्यांत भरते: बॉयलर कॅबच्या मधून आरपार गेलेला, ड्रायव्हर एका बाजूला, फायरमन दुसऱ्या बाजूला, आणि मधे भट्टीचा तापलेला पत्रा. भट्टीची दारं बाजूला असल्यामुळे अरुंद जागेत आडवं वळून फावडं मारायचं. माणसांना सोपं नव्हतं, हे मी कबूल करते. पण ‘शेडला डोईजड’ असलेलं इंजिन कुणी स्वतःच्याच कारखान्यात पुन्हा बांधायला घेईल का? त्यांनी १८८६ साली आणखी एक बांधलंसुद्धा.

आणि वेल्स सोडा. मेक्सिकोत व्हेराक्रूझहून राजधानीला चढणारा मार्ग बघा. सुमारे २५ ला १ चढ. तिथे फेअर्ली १८७० च्या दशकापासून होती, आणि १९११ साली, म्हणजे मॅलेट हाताशी असताना, त्या कंपनीने पुन्हा नवी, आणखी अवजड फेअर्लीच मागवली. १९२० च्या दशकात घाटात वीज आली तेव्हाच त्यांचं काम संपलं. याला प्रात्यक्षिक म्हणायचं का?

(एक जाता जाता: फेअर्ली नाव होण्याआधी काही वर्षं आपल्या बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी करून गेला होता. इकडे हे फार कुणाला ठाऊक नसतं.)

घाटमाथा

मेक्सिकोचा मुद्दा वजनदार आहे, तो मी टाळत नाही. पण खुद्द ‘लिटल वंडर’ किती जगलं? १८६९ ला आलं आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच झिजून मोडीत गेलं. ज्या इंजिनाने जगाला पटवलं तेच पंधरा वर्षंही टिकलं नाही. याउलट अमेरिकेतलं पहिलं मॅलेट, बाल्टिमोर अँड ओहायोचं १९०४ सालचं ‘ओल्ड मॉड’, मागून गाड्या ढकलण्याचं अंगमेहनतीचं काम करत १९३० च्या दशकापर्यंत राहिलं.

मॅलेटची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. मागची चाकं घसरून गरगर फिरू लागली की ती मधल्या नळीत जास्त वाफ ढकलतात, तिथला दाब वाढतो आणि तोच उलटा दाब त्यांना आवरतो. पुढची घसरली तर नळीतली वाफ संपते आणि ती आपोआप सावरतात. ड्रायव्हरचा हात रेग्युलेटरकडे, म्हणजे वाफ कमी-जास्त करायच्या दांड्याकडे, जाण्याआधीच इंजिन स्वतःला आवरू लागतं.

शेडचा नातू

तुम्ही दोघंही फिटरला विचारत नाही आहात. माझे आजोबा बंगाल नागपूर रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते, आणि त्यांच्या हाताखालून गेली ती गॅरट. एन वर्गाची, चाकांची मांडणी ४-८-०+०-८-४. त्या वर्गातलं ८१५ नंबरचं दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. कधी गेलात तर बाजूने चालत जा. टोकापासून टोकापर्यंत किती पावलं पडतात ते मोजा.

घाटमाथा, तुमचा सगळा युक्तिवाद एका वाक्यावर उभा आहे: पूर्ण दाबाची वाफ हलत्या सांध्यातून नेऊ नये. गॅरटमध्ये काय होतं? बॉयलर मधल्या पाळण्यात, त्याच्याखाली एकही चाक नाही, आणि पुढे-मागे दोन पूर्ण इंजिनं. दोन्हीकडे ताजी वाफ हलत्या सांध्यांतूनच जाते. म्हणजे अगदी फेअर्लीसारखीच. तरी ही इंजिनं कोळसा आणि खनिजाच्या गाड्या ओढत डिझेल येईपर्यंत राबली. मग दोष रचनेचा होता, की चरबी-सुतळीच्या काळाचा?

आजोबा सांगायचे, सांधा गळतो हे कानाने कळायच्या आधी डोळ्याने कळतं. इंजिन थंड झालं की ग्लँडच्या, म्हणजे सांध्यातलं पॅकिंग दाबून धरणाऱ्या कड्याच्या, कडेला पांढरी रेघ दिसते, पाण्यातल्या क्षाराची. रेघ दिसली की त्याच पाळीत पॅकिंग बदलायचं. उद्यावर टाकलं की नटच जाम होतो. यात मोठं शास्त्र नव्हतं, रोज वाकून बघणारा माणूस लागायचा.

दूरदेशी

हेच मला म्हणायचं होतं, फक्त तुमच्या आजोबांनी ते नेमक्या शब्दांत सांगितलं.

नेरळकर

मी या सगळ्यालाच विरोध करतो. मुळात दोन इंजिनांचा खटाटोप कशाला? माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली, दोन फुटी रूळ, २० ला १ चढ, आणि वळणं अशी की पुढचा डबा मागच्याला भेटायला येतो. तिथल्या जर्मन बनावटीच्या इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस (ॲक्सल) होते. बाहेरचा पोकळ आस चाकांसह थोडा वळतो, आतला गाभा सरळच राहून त्याला फिरवतो. सिलिंडर जागेवर, वाफेच्या नळ्या जागेवर, एकही हलता वाफेचा सांधा नाही. त्याआधी बोरघाटात, ३७ ला १ च्या चढावर, १८६३ पासून गाड्या गेल्या त्याही साध्या टाकी-इंजिनांनी, म्हणजे पाण्याची टाकी अंगावरच असलेल्या इंजिनांनी. खंडाळ्याला गाडीची दिशा उलटवावी लागायची, पण गाड्या चढल्या.

शेडचा नातू

नेरळकर, माथेरानचा मान ठेवून सांगतो, तिथे तीन आसांचं इंजिन आणि चार-पाच छोटे डबे होते. सोळा मोठी चाकं आणि त्यांच्यावर हजार टनांहून जास्त माल असला की पोकळ आस पुरत नाही. बोरघाटाचं म्हणाल तर एक इंजिन कमी पडलं की मागे दुसरं लावायचं, म्हणजे दुसरा ड्रायव्हर, दुसरा फायरमन. सांध्याच्या इंजिनाचा जन्मच हा दुहेरी पगार वाचवायला झाला.

घाटमाथा

गॅरटच्या मुद्द्याने मला अडवलं हे खरं. रात्री यावर बराच विचार केला.

तरी एक गोष्ट पुढे ठेवतो. पहिलं गॅरट, १९०९ साली टास्मानियाच्या नॉर्थ ईस्ट डंडास ट्रामवेसाठी मँचेस्टरच्या बायर पीकॉकने बांधलेलं ‘के १’, हे मॅलेटच्याच तत्त्वावर वाफ दोनदा वापरणारं होतं. मागच्या गटात जास्त दाब, पुढच्या गटात कमी. सिलिंडर आतल्या टोकांना होते, त्यामुळे मागचे थेट कॅबच्या खाली आले आणि माणसं भाजून निघायची. पुढे ते बाहेरच्या टोकांना गेले. दोनच वर्षांनी, १९११ साली, दार्जिलिंगसाठी गॅरट आलं ते साध्या वाफेचं, म्हणजे वाफ एकदाच वापरणारं. म्हणजे ताजी वाफ दोन्हीकडे पाठवायचा भरवसा तेवढ्यात आला होता, आणि तिथून पुढे बहुतेक सगळी गॅरट तशीच झाली. १९२१ साली दक्षिण आफ्रिकेत मॅलेट आणि गॅरट समोरासमोर चालवून पाहिली, त्यातही गॅरटच सरस ठरलं. तेव्हा ‘हलत्या सांध्यातून ताजी वाफ नकोच’ हे माझं विधान मी मागे घेतो.

‘लिटल वंडर’बद्दलचं मत मात्र बदलत नाही. त्याचा सांधा १८६९ सालचा होता आणि त्याची जाहिरात मात्र पुढच्या शतकातल्या इंजिनाची केली गेली.

शेडचा नातू

विधान मागे घेतलंत, आनंद वाटला. पण गॅरटलाही डोक्यावर घेऊ नका. पाणी आणि कोळसा चाकांवरच लादलेला असतो, त्यामुळे टाक्या रिकाम्या होत जातात तशी रुळावरची पकड सुटत जाते. आणि विकत घेणाराही शहाणा लागतो. इंग्लंडच्या एलएमएस रेल्वे कंपनीने १९२७ पासून गॅरट घेतली ती स्वतःच्या जुन्या मापाच्या, लहान ॲक्सलबॉक्सचा, म्हणजे आसाचं बेअरिंग बसतं त्या पेटीचा, आग्रह धरून. बेअरिंग तापायची, खर्च वाढायचा, आणि १९५८ पर्यंत तेहतीसच्या तेहतीस मोडीत गेली. तिकडे वाफेच्या सांध्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

दूरदेशी

‘के १’ पुढे वेल्समध्येही चाललं, पोर्थमॅडॉगहून निघणाऱ्या वेल्श हायलँड रेल्वेवर.  पुढच्या वेळी गेले की ‘मर्डिन एमरिस’च्या ग्लँडच्या कडा बघून, पांढरी रेघ कुठे दिसते ते इथे लिहिते.