आमचं गाव शहर कधी झालं, आणि आम्हाला कुणी सांगितलं का नाही?

गावकुसाबाहेर

काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं, की जनगणनेत घरांचे आणि वस्त्यांचे इतके प्रकार हवेत कशाला? गाव-शहर आणि कच्चं-पक्कं, चार खाने पुरेत, बाकी सगळा बाबू लोकांचा रिकामटेकडेपणा. खाली "अगदी मनातलं बोललात"ची रांग. दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून वेगळा धागा.

चार खाने पुरत असते तर आमचं गाव असं अधांतरी लटकलं नसतं. 2011 च्या तक्त्यात आम्ही शहर आहोत. सेन्सस टाउन. लोकसंख्या पाच हजारांच्या वर, घनता चौरस किलोमीटरला चारशेच्या वर, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांत 75 टक्के बिगरशेती. तिन्ही अटी बसल्या, झालं शहर. शहर म्हटल्यावर नगरपरिषद हवी, गटार हवं, आग लागली तर बंब हवा. आमच्याकडे ग्रामपंचायत आहे, आणि गटार म्हणाल तर रस्ता तोच गटार तेच. देशात 2001 मध्ये असली कागदी शहरं 1362 होती, 2011 मध्ये 3894 झाली. महाराष्ट्रात नगरपालिका-महानगरपालिकावाली 256 आणि आमच्यासारखी 278. राज्य 45 टक्के शहरी म्हणून आपण मिशीला पीळ देतो, त्यात आम्हीही आहोत बरं का.

पुढे ऐका. 2011 ला झोपडपट्टीची मोजणी झाली ती फक्त वैधानिक शहरांत, म्हणजे नगरपालिका-महानगरपालिकावाल्यांत. 4041 शहरं. सेन्सस टाउनचा त्यात समावेशच नाही. आमच्याकडे कारखान्याच्या कंपाउंडला टेकून पत्र्याच्या खोल्यांची अख्खी ओळ आहे, चार नळ आणि शंभराच्या वर बिऱ्हाडं. महापालिकेच्या हद्दीत असती तर साठ-सत्तर कुटुंबांची दाटीवाटी म्हणून झोपडपट्टीत धरली असती. आमच्याकडे ती काय आहे? काहीच नाही. शहरात आहे पण झोपडपट्टी नाही, आणि गावात म्हणावी तर गाव शिल्लक नाही.

आणि त्या "पुरुषांत 75 टक्के" मधले फक्त पुरुषच का, हे मला कुणीतरी समजावून सांगा. माझे वडील एसटीत. आई मरेपर्यंत शेतात. वडिलांमुळे गाव शहराकडे सरकलं, आईचा त्या हिशेबात पत्ताच नाही.

खाने कमी नकोत. वाढवा.

आकडेमोड

भावना पोहोचल्या. आता हिशेब.

278 आणि 256 हे शहरांचे आकडे आहेत, माणसांचे नाहीत. एकट्या बृहन्मुंबईत सव्वा कोटीच्या जवळपास लोक. त्या 45 टक्क्यांत तुमच्यासारख्यांचा वाटा लहान आहे. मिशीला पीळ मुंबई-पुणे-नागपूरच्या जिवावर आहे, तुमच्या नाही.

दुसरं, ही व्याख्या 1961 पासून जवळपास तशीच आहे. दर वेळी कुणाला वाईट वाटलं म्हणून खाने बदलले तर आधीच्या दशकाशी तुलना कशी करणार? फूटपट्टी तीच ठेवायची असते, भले ती वाकडी असो.

तिसरं, गटार देणं हे जनगणनेचं काम नाही. नगरपंचायत करायची की नाही हे राज्य ठरवतं. 2014-15 मध्ये तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती केल्याच ना? आणि लोकांनाच नको असते हो. घरपट्टी वाढते, बांधकामाला परवानगी लागते. तुमच्याच ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला असेल, पैज लावतो.

गावकुसाबाहेर

केला होता. मीही हात वर केला होता. खूश?

पण वाकडी फूटपट्टी वाकडी आहे हे तुम्हीच कबूल केलंत, ते जपून ठेवतो.

चाळकरी

एक बारीकसा प्रश्न. आमच्या चाळीत एका खोलीत दहा माणसं, गॅलरीत काका झोपतात. गॅलरी बंद केली आहे. ती खोली धरतात का? चालू द्या तुमचं.

खडूधारी

2010 ला घरयादीच्या कामाला होतो, म्हणजे 2011 च्या जनगणनेआधी घरोघर जाऊन घरांची नोंद करायला, म्हणून बोलतो. मे महिना, दुपारचं ऊन, शाळेची सुट्टी गेली ती गेलीच, आणि मानधन कधी मिळालं ते विचारू नका. मिळालं तेव्हा नवीन वर्ग बसले होते.

तुम्ही सगळे "घर" म्हणता ते आणि जनगणनेचं घर वेगळं. रस्त्यावरून, अंगणातून किंवा जिन्यावरून स्वतंत्र मुख्य दार असलं की ते एक घर. म्हणून चाळीतली प्रत्येक खोली एक घर. आणि कुटुंब म्हणजे एक चूल. एका वाड्यात तीन भाऊ, एकच दिंडी दरवाजा, पण तिघेही छातीठोक सांगतात चूल वेगळी. मी आत डोकावलो तर एकाच शेगडीवर एकच भाकरी फुगत होती. रेशनकार्डं तीन आहेत ना, मग चुली तीन! लिहिल्या तीन.

मला खरी बोच वेगळीच. भिंतीला एक कोड, छपराला एक कोड, आम्ही फक्त आकडा टाकायचो. पक्कं-कच्चं प्रगणक लिहीतच नाही, ते नंतर तक्त्यात ठरतं. आणि त्या तक्त्यात पत्रा पक्क्यात जातो. पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात आत माणूस उकडून निघेल, तरी घर "पर्मनंट". आणि आमच्या मामाचं माळवद, म्हणजे मातीच्या छताचं घर, दोन हात रुंद पांढऱ्या मातीच्या भिंती, आत भर उन्हात गारवा, शंभर वर्षं उभं. ते तक्त्यात "टेंपररी". त्यातल्या त्यात "सर्व्हिसेबल" म्हणे. मामाला सांगितलं तर म्हणाला, "सरकार किती वर्षाचं आहे विचार की."

लातूरची_लेक

गुरुजी, वाक्य छान आहे. टाळ्याही पडतील. आता माझं ऐका.

किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाहून आलेली माणसं दमून झोपली होती, आमच्याकडेही. माझं वय सात. आजोळचं माळवद होतं, तुमच्या मामाच्या घरासारखंच. गार. रुंद भिंती, दगड आणि चिखल, वर लाकडावर हातभर माती. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी एक थर. आजी म्हणायची, या घरात उन्हाळा शिरत नाही. खरंच शिरत नव्हता. त्या पहाटे त्याच भिंती दोन्हीकडे फाकल्या आणि सगळी माती एकदम खाली आली. आजी आणि धाकटी मावशी सापडल्या तेव्हा अंगावर जखम नव्हती. नाकातोंडात माती होती.

आमच्या गल्लीत शाळेसमोर एकाचं पत्र्याचं दुकान होतं. त्यात झोपलेला माणूस नुसता कलंडून बाहेर आला. सगळे त्या पत्र्याला हसायचे.

त्या भागात काही हजार माणसं गेली. म्हणून "मातीचं घर किती शहाणं" हा सूर लागला की मला सहन होत नाही. कुठल्याही सुरात.

खडूधारी

ताई, माफ करा. मला तसं म्हणायचं नव्हतं.

पत्र्याखालचा

ताईंचं दुःख मोठं आहे, त्यावर बोलत नाही. पण पत्र्याची आरती आता मीही ऐकून घेणार नाही. मी पत्र्याखालीच वाढलोय. एप्रिलमध्ये दुपारी घरात थांबलो तर डोकं फिरतं, पावसात एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. आमच्या वडिलांनी कुडाच्या भिंतीवरचं गवत काढून उसनवारीने पत्रा टाकला. पुढे घरकुलाच्या यादीत नाव नाही. का? तर छत पक्कं. गवत असतं तर घर मिळालं असतं. पत्रा टाकायची हौस नडली, असं तिथल्या साहेबांनी हसत सांगितलं. आणि तुम्ही इथे कोड-कोड खेळताय.

आकडेमोड

परत तेच! ते घरकुल जनगणनेवरून गेलेलं नाही. ती 2011 ची सामाजिक-आर्थिक पाहणी, वेगळी. तिथे भिंत आणि छत दोन्ही कच्चं, दोनपेक्षा जास्त खोल्या नाहीत, असा निकष होता. जनगणनेत दिलेली माहिती 1948 च्या कायद्याने गोपनीय असते, तुमच्या नावावरून कुणी योजना कापू शकत नाही. हा गोंधळ करूनच लोक प्रगणकाला खोटं सांगतात.

पत्र्याखालचा

वा. म्हणजे दोन वेगळ्या वह्या, दोन्हींत पत्रा पक्का, आणि चूक माझी की वही कुठली ते मला कळलं नाही. आभार.

आकडेमोड

मी तसं म्हणालो नाही.

पत्र्याखालचा

तसंच म्हणालात. फक्त आवाज शांत ठेवलात.

गावकुसाबाहेर

मंडळी, मी सेन्सस टाउनवर धागा काढला होता. इथे गवंडीकाम सुरू झालंय.

लातूरची_लेक

असू द्या. तुम्ही खाने वाढवा म्हणालात ना, मग हेच ते. 2011 च्या यादीत दगडाच्या भिंतीला दोन वेगळे कोड होते. दगड जोडायच्या मालात बसवलेला दगड आणि नुसता रचलेला दगड. बाकी सगळ्या यादीत मला तेवढा एक फरक कामाचा वाटतो. घर जुनं की नवं, गार की गरम, हे पक्कं-कच्चंवरून कळत नाही आणि कोसळेल का तेही कळत नाही. काल "चार खाने पुरेत" म्हणणाऱ्यांनी हे दोन दगड एकाच खान्यात घालून दाखवावेत.

गुरुजी, आता तुम्हीच सांगा. दगड चिखलात बसवलेला असेल तर कुठला कोड?

खडूधारी

प्रशिक्षणात हाच प्रश्न मी विचारला होता. दोन साहेब होते. दोघांनी दोन उत्तरं दिली, मग चहा आला.

आकडेमोड

यावर हसावं की रडावं. माझा मुद्दा यानेच सिद्ध होतो हे तरी लक्षात घ्या. खाना वाढवला की तो भरणाऱ्याला कळायला हवा. देशभर लाखो शिक्षक, दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण. 2026 च्या घरयादीला तर मोबाइल अॅप आलं आणि लोकांना स्वतःही माहिती भरायची मुभा. आता चिखल की चुना हे घरमालक ठरवणार. घराची स्थिती "चांगली, राहण्यायोग्य, मोडकळीस" यात 2011 ला देशातली निम्म्याहून जास्त घरं "चांगली" निघाली. पाव्हणा दारात आल्यावर कोण म्हणेल घर मोडकं आहे?

खडूधारी

हे मात्र शंभर टक्के. एका म्हातारीच्या घराला टेकू लावला होता. मी पेन मोडकळीसवर नेलं तर म्हणाली, "मास्तर, सून बघायला येणारेत पुढच्या महिन्यात. चांगलं लिव्हा." विचारून लिहायचं, म्हणून चांगलं लिहिलं.

गावकुसाबाहेर

आकडेमोड, सेन्सस टाउनमधल्या झोपडपट्टीबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. सोयीस्कर.

आकडेमोड

बोललो नाही कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ज्याला शहर म्हणून मोजायचं तिथली झोपडपट्टीही मोजायला हवी. त्यासाठी नवा खाना लागत नाही, आहे तोच लावला तरी चालेल. झालं समाधान?

गावकुसाबाहेर

"पुरुषांत 75 टक्के"चं उत्तर अजून यायचंय.

आकडेमोड

जेवून येतो.

चाळकरी

माझी गॅलरी राहिलीच.

खडूधारी

उघडी गॅलरी खोलीत धरत नाहीत. बंद केली असेल आणि कुणी राहत असेल तर टेप घ्या. लांबी दोन मीटर, रुंदी दीड, उंची दोन. तिन्ही बसलं तर खोली.

चाळकरी

मोजलं. लांबी बसते, रुंदी ओढूनताणून बसते, उंची बसत नाही. काका बसतात, पण वाकून.