महिला सभेच्या रजिस्टरवर माझी सही आहे, पण सभा झालीच नाही. काय करू?

कापूसवाली_अमळनेर

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावातली. गावाचं नाव लिहीत नाही. वय 43, तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि थोडी ज्वारी. बारावीपर्यंत शिकले आहे, बचत गटाचं रजिस्टर मीच लिहिते.

30 एप्रिलला संध्याकाळी भाकरी थापत होते. ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला. "वहिनी, सही करी द्या, माले आखो बारा घर फिरनं शे." आतून सासूबाई म्हणाल्या, "कर सही नी मोकळी व्हय." पिठाचा हात पदराला पुसला आणि सही केली. लग्न होऊन आले तेव्हापासून अशीच करत आले आहे.

जूनमध्ये घराचा नमुना 8 चा उतारा घ्यायला ग्रामपंचायतीत गेले. टेबलावर प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहायची वही, उघडं पडलं होतं, वाचलं. "महिला सभा, 30 एप्रिल, सकाळी 11, मारुती मंदिर." ठराव होता गावाच्या वेशीवर कमान बांधण्याचा. सूचक म्हणून माझं पूर्ण नाव, अनुमोदक म्हणून माझ्या जावेचं. त्या दिवशी सकाळी अकराला मी चोपड्याला भाचीच्या हळदीत होते. घरी पोहोचले तेव्हा चार वाजून गेले होते.

कमानीला माझा विरोध नाही. पण मला कोणी विचारलं असतं तर मी पाण्याचं बोलले असते. आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी येतं, तेही रात्री अकरानंतर. मी आणि माझी मुलगी दीड वाजेपर्यंत हंडे, टाक्या भरतो, आणि सहाच्या एसटीने ती कॉलेजला जाते. दुसरं, बायकांच्या सार्वजनिक संडासाच्या वाटेवरचा दिवा. दोन वर्षं झाली, नुसता खांब उभा आहे. अंधार पडला की सुना-लेकी एकमेकींना हाका मारून जोडीनं जातात.

सरपंच बाईच आहेत, महिला राखीव जागा होती. कारभार त्यांचे मालक पाहतात. मी तक्रार कोणाकडे करू? आणि 15 ऑगस्टच्या आधीची महिला सभा खरोखर भरावी म्हणून काय करता येईल? घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

पारोळेकर

ताई, सरळ पंचायत समितीत बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांकडे अर्ज टाका. बोगस सह्या म्हणून चौकशी लावा. असे लोक घाबरल्याशिवाय सुधरत नाहीत.

कापूसवाली_अमळनेर

भाऊ, सही बोगस नाही हो. माझीच आहे. तेच तर मला खुपतं आहे.

निवृत्त_ग्रामसेवक_शिरपूर

ताई, मी 31 वर्षं ग्रामसेवक होतो. आधी एक सांगतो: असं रजिस्टर घेऊन शिपायाला घरोघर मीही पाठवलं आहे. वरून तारखेच्या आत अहवाल मागायचे, कोरम (हजेरीची किमान संख्या) भरायचा नाही, मग संध्याकाळी सह्या गोळा व्हायच्या. तुमची पोस्ट वाचून दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही. म्हणून नीट लिहितो.

1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम 7 बघा. वर्षाला किमान चार ग्रामसभा. आपल्याकडे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर ही पद्धत पडली आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. ती गावाची मेहेरबानी नाही. ग्रामसभेचा कोरम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी ते. तो भरला नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. अनेक गावांत याच वाटेने वीस माणसं वर्षाचे सगळे ठराव करून मोकळी होतात. नोटीस सात दिवस आधी निघाली पाहिजे, दवंडी दिली पाहिजे.

प्रोसिडिंगची प्रत माहिती अधिकारात मागा. 10 रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 30 एप्रिलच्या सभेची नोटीस कोणत्या तारखेला निघाली आणि दवंडीची नोंद आहे का, हेही त्याच अर्जात विचारा.

पारोळेकर भाऊ म्हणतात त्या तक्रारीबद्दल मात्र जपून. पुरेसं कारण नसताना ग्रामसभा घेतली नाही तर त्याच कलमाखाली सरपंचाला अपात्र करता येतं, सचिवाला म्हणजे ग्रामसेवकाला निलंबित करता येतं. तुमच्या गावात सरपंच कोण? बाई. कारभार कोणाचा? मालकाचा. अपात्र झाली तर ती बाई होईल. मालकाचं नाव कुठल्याच कागदावर नाही, त्याला काही होणार नाही. पुढच्या खेपेला तो दुसऱ्या कोणाला तरी उभं करेल.

कापूसवाली_अमळनेर

साहेब, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या बाई माझ्याच वयाच्या. 30 एप्रिलला शिपाई त्यांच्याकडेही असाच गेला असणार. सभेच्या अध्यक्ष म्हणून त्यांची सही आहे, आणि त्या दिवशी त्या शेतात होत्या, मला पक्कं माहीत आहे. त्यांच्याही सासूने "मोकळी व्हय" म्हटलं असेल. तक्रार करून त्यांना घालवायचं नाही मला.

चोपड्याची_माजी_सदस्या

माय, तुझा विचार बरोबर आहे. निवडून आलेल्या बाईला खाली ओढायला आपल्याकडे फार काही लागत नाही. आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचं बघ. तिथल्या महिला सरपंचांवर आरोप काय, तर त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात. त्या म्हणत होत्या, मी नवरा-मुलांसोबत वेगळी, भाड्याच्या घरात राहते. तरी पद गेलं. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा सप्टेंबर 2024 मध्ये न्यायालयाने काढून टाकण्याचा आदेश रद्द केला. गावकऱ्यांना बाई सरपंच असणं पचलेलं नाही, हे न्यायालयानेच लिहिलं.

आणि त्याच जिल्ह्यात विटनेर आहे. 1989 मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या काळात तिथे पूर्ण बायकांची ग्रामपंचायत निवडून आली. तेव्हा पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी 73 वी घटनादुरुस्ती झालेली नव्हती, 33 टक्के आरक्षण नव्हतं, आजचं 50 टक्के तर 2011 मधलं. पुढे संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत तिथल्या कितीतरी घरांनी बायकांच्या नावावर जमीन केली. आम्ही तेव्हा तरुण होतो. विटनेरच्या बायका हा शब्द आमच्याकडे चुलीपाशी कानावर यायचा. मी पहिल्यांदा फॉर्म भरला तो ते ऐकूनच.

तू सरपंच बाईंच्या घरी जा. मालक बाहेर असतील तेव्हा जा. रजिस्टरबद्दल पहिल्या दिवशी काही बोलू नको, पाण्याचं बोल. रात्री अकराला हंडे त्याही भरतात ना?

सातपुड्यातली_अंगणवाडीताई

मी धडगाव तालुक्यात काम करते. आमचं पेसा क्षेत्र, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्याखालचं, तुमच्यापेक्षा नियम वेगळे, पण एक सांगावंसं वाटतं. वनहक्काच्या ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतातच. त्याशिवाय सभा धरत नाहीत. सुरुवातीला पुरुष मंडळी कुरकुर करत होती. पण बाया नसल्या तर स्वतःचाच वनजमिनीचा दावा अडतो म्हटल्यावर तेच घरी जाऊन बोलावू लागले.

तुमच्याकडे तशी अट नसेल, पण वेळ आणि जागा तुम्ही बदलून मागू शकता. सकाळी अकराला निंदणी सोडून कोण येईल? रोज बुडतो. आणि मंदिर तर नकोच. पाळी असलेली बाई पायरी चढत नाही, आणि वस्तीवरच्या काही बाया एरवीही तिथे येत नाहीत. सभा अंगणवाडीत घ्या, नाहीतर शाळेत. रात्री आठला, भाकरी झाल्यावर. पोरं बरोबर आली तर येऊ द्या. माझ्या अनुभवात जागा बदलली की निम्मं काम होतं. बाकीच्यांना बचत गटातून निरोप द्या, दवंडीवर भरवसा ठेवू नका.

निवृत्त_ग्रामसेवक_शिरपूर

अंगणवाडीताईंचं अगदी बरोबर. लेखी पत्र द्या, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आधीचा ग्रामसेवक) दोघांच्या नावे, पोच घ्या. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते कशावर झाले तेही त्यात विचारा. आणि सही सभा संपल्यावर करायची, ठराव वाचून दाखवल्यावर.

कापूसवाली_अमळनेर

17 ऑगस्ट. सगळ्यांना सांगायचं होतं, आज वेळ मिळाला.

मी सरपंच बाईंकडे तीनदा गेले. पहिल्या दोन वेळा चहा पिऊन परत आले. तिसऱ्यांदा त्याच म्हणाल्या, "मन्ही बी झोप व्हत नही." पत्र मी लिहिलं, गटातल्या अकरा जणींनी सह्या केल्या, पोच घेतली. त्यांचे मालक आधी चिडले. मग कोणीतरी त्यांना कलम 7 सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी नोटीस निघाली.

शिपाई 13 तारखेला सवयीने रजिस्टर घेऊन आलाच. मी म्हटलं, उद्या अंगणवाडीत करेन. सासूबाई काही बोलल्या नाहीत. 14 तारखेला रात्री त्या माझ्याआधी चपला घालून उभ्या होत्या.

41 जणी आल्या, भिल्ल वस्तीवरच्या सहा. सरपंच बाईंनी नोटीस स्वतः वाचली, दोनदा अडखळल्या, मग सुरळीत. पाण्यावर इतकं बोलणं झालं की साडेदहा वाजले. पंपाला रात्रीच वीज असते, म्हणून रात्री पाणी सुटतं, हे मला तिथेच कळलं. टाकी रात्री भरून ठेवून व्हॉल्व्ह सकाळी साडेपाचला खोलता येईल, हे वस्तीवरच्या एका आजींनी सांगितलं. त्यांचा मुलगा पूर्वी पंपावर होता. तो ठराव झाला, दुसरा संडासाच्या वाटेवरच्या दिव्याचा. सूचक म्हणून मी स्वतः हात वर केला. दोन्ही ठराव वाचून दाखवले आणि मग सह्या झाल्या.

काल प्रोसिडिंगची प्रत मिळाली. पाण्याचा ठराव आहे. दिव्याचा त्यात नाही. उद्या सकाळी सरपंच बाई आणि मी दोघी ग्रामपंचायतीत जाणार आहोत.